तुम्ही विचारलंत म्हणून: जिहाद म्हणजे नक्की काय?

खेड-दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत, कुठल्याही मोहल्ल्यातल्या मुसलमान माणसाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. शेजारी विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात. जिहाद म्हणजे इतर धर्मीयांशी युद्ध आणि ते प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक, हे खरं का? विचारलंत हे बरं केलंत, कारण मनात ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर मग भलताच कुणीतरी देतो.

तर, हे खरं नाही. पण ‘जिहाद म्हणजे फक्त मनातल्या विकारांशी झगडा, लढाईचा त्यात संबंधच नाही’ असं जे आमच्यातलेच काही जण घाईघाईने सांगतात, तेही पुरतं खरं नाही.

पैगंबरांची मक्केतली सुमारे 13 वर्षं छळ सोसण्यात गेली. तिथे शस्त्र उचलायची परवानगी नव्हती. तरी त्याच काळातल्या सूरह फुरकानमध्ये (कुराणाचा 25वा अध्याय, वचन 52) ‘या कुराणाच्या साहाय्याने मोठा जिहाद करा’ अशी आज्ञा आहे. म्हणजे तिथे जिहाद शब्दांनी, चिकाटीने करायचा होता. लढण्याची परवानगी मदिनेला गेल्यावर आली, सूरह हजमध्ये (22:39-40), आणि ती ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांना घरादारातून हाकललं, त्यांना मिळाली. त्याच आयतीत, म्हणजे वचनात, मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनाघरं आणि मशिदी ही सगळी ठिकाणं वाचावीत म्हणून हा प्रतिकार, असं कारणही दिलं आहे. हा भाग लोकांना ऐकवला तर बहुतेकांना तो नवाच वाटतो.

आता एक गोष्ट आमच्या माणसांना उद्देशून. ‘आपण छोट्या जिहादकडून मोठ्या जिहादकडे परतलो’ हे वचन भाषणांत सर्रास येतं. हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचे जाणकार त्याची सनद, म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे आलं ती साखळी, कमजोर मानतात आणि हदीसच्या सहा मुख्य संग्रहांत ते नाही. त्याच्या आधारावर बाजू मांडली की समोरचा चार पुस्तकं चाळून आपल्याला खोटं पाडतो. गरजही नाही त्याची. ‘आपल्या नफ्सशी (मनाच्या वासनांशी) झगडतो तो मुजाहिद (जिहाद करणारा)’ हे त्या सहांतल्या तिरमिजीत आहे. जुलमी सत्ताधीशासमोर न्यायाची गोष्ट बोलणं हा सर्वश्रेष्ठ जिहाद, हे त्यांतल्याच अबू दाऊदमध्ये आहे. पक्कं हाताशी असताना कच्चं कशाला पुढे करायचं?

लढाईच्या जिहादचे नियम फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्याच्या ग्रंथांत येतात. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणून शाफई मजहबाचंच (कायद्याच्या त्या परंपरेचंच) सांगतो. हा जिहाद सर्वसाधारण परिस्थितीत फर्ज किफाया, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक कर्तव्य आहे. मक्तबमधल्या (धर्मशिक्षणाच्या शाळेतल्या) पोराला हे मय्यतीवरून शिकवतात. मोहल्ल्यात कुणी गेलं की गुस्ल (अंघोळ), कफन, जनाज्याची नमाज आणि दफन हे सगळ्या जमातीचं कर्तव्य. काही जणांनी ते पार पाडलं की बाकीचे मोकळे, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. पाच वेळची नमाज मात्र फर्ज ऐन, ज्याची त्यानेच पढायची. लढाई फर्ज ऐन होते ती शत्रू गावात घुसला तर.

एरवी कुणी उठून निघायचं म्हणेल तर वाटेत अडसर आहेत. आई-वडील मुसलमान असतील तर त्यांच्या परवानगीशिवाय जाणं हराम. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रसंग आहे: एकजण जिहादची परवानगी मागायला आला, पैगंबरांनी विचारलं, आई-वडील हयात आहेत का? आहेत म्हटल्यावर सांगितलं, मग त्यांच्यासाठीच झट. दुसरा अडसर कर्जाचा. मुदत भरलेलं कर्ज डोक्यावर असेल तर सावकाराला विचारल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून, असं मुस्लिम या संग्रहातली हदीस सांगते. आणि मोहीम काढण्याचा निर्णय राज्यकर्त्याचा. चार तरुणांनी खोलीत बसून ठरवायचा तो विषयच नाही.

जुन्या शाफई ग्रंथांत राज्यकर्त्याने वर्षातून किमान एकदा मोहीम काढावी असंही लिहिलेलं आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. ते साम्राज्यांच्या काळातलं आहे, जेव्हा तह झाला नसेल तर शेजारी राज्याशी युद्ध हेच गृहीत असायचं. पण करार झाला की तो पाळणं बंधनकारक, हे त्याच ग्रंथांचं म्हणणं. आज राष्ट्रं करारांनी बांधलेली आहेत, आणि आपण ज्या देशाचे नागरिक आहोत तिथे आपण जबान दिलेली आहे. तिचा भंग म्हणजे गद्दारी, आणि शरीयतमध्ये गद्दारीला माफी नाही.

युद्ध सुरू झाल्यावरचे नियम तर आणखी काटेकोर. पहिले खलीफा अबू बकर यांनी शामच्या (सीरियाच्या) मोहिमेवर निघालेले सेनापती यजीद बिन अबू सुफयान यांना दिलेल्या दहा सूचना इमाम मालिकांच्या मुवत्ता या हदीससंग्रहात आहेत. बाई, मूल, म्हातारं माणूस मारू नका. फळझाड तोडू नका. वस्ती उजाड करू नका. खाण्यापुरती सोडून बकरी किंवा उंट कापू नका. मधमाश्यांची पोळी जाळू नका, माश्या उधळू नका. लुटीतलं चोरू नका. मठात बसलेल्यांना त्यांच्या वाटेने राहू द्या, हेही त्याआधीच बजावलं होतं. आंब्याचं कलम फळायला किती वर्षं जातात हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्या एका नियमात किती पुढचं पाहिलं आहे!

आपल्याच किनाऱ्याचा दाखला पाहा. 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाने दाभोळ जाळलं. त्याच शतकात खाली मलबारात पोन्नानीच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहून पोर्तुगीजांविरुद्ध जिहादची हाक दिली. ग्रंथ विजापूरच्या अली आदिलशाहाला अर्पण केलेला, आणि दाभोळ तेव्हा विजापूरकरांचंच. हे शेखही शाफई. त्यांच्या ग्रंथात या लढ्यातला कौतुकाचा राजा कोण? कालिकतचा सामुतिरी, म्हणजे हिंदू राजा. मुसलमान त्याच्या बाजूने लढले. ‘जिहाद म्हणजे हिंदूंविरुद्ध’ हे समीकरण इथे बसत नाही.

आणि 2008. मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. मेलेल्या नऊ जणांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. दफन हे फर्ज किफाया, म्हणून या नकाराचं वजन समजून घ्या. नि:शस्त्र प्रवाशांवर गोळ्या झाडणाऱ्यांना मुजाहिद तर सोडाच, आपल्यातला मय्यत म्हणायलाही ते तयार नव्हते.

राहता राहिली ती आयत, जी मोबाइलवर फिरत असते: ‘मुश्रिक (अनेक देवांना मानणारे) जिथे सापडतील तिथे मारा’ (9:5). कुणी पाठवली तर मागची-पुढची उघडून वाचा. 9:4 मध्ये ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पूर्ण करा, असं आहे. म्हणजे रोख करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांवर होता, आणि 9:2 मध्ये त्यांनाही चार महिन्यांची मुदत दिली होती. 9:13 मध्ये ‘त्यांनीच आधी सुरुवात केली’ असा स्पष्ट आरोप आहे. आणि 9:6 मध्ये सांगितलंय की त्यांच्यातला कुणी आसरा मागायला आला तर द्या, त्याला ईश्वराचा शब्द ऐकू द्या, मग त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. त्याने इस्लाम स्वीकारलाच पाहिजे अशी अट त्यात नाही.