बाईंचा प्रश्न आणि उसाचा उतारा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर चार ओळी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. संस्कार, शिस्त, मैदान यांवर बाकीची मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. मला शाळेने एक प्रश्न दिला आणि त्याच प्रश्नावर आजवर माझं पोट चाललं आहे, म्हणून त्याविषयीच लिहिते.

प्रकाशसंश्लेषणाचा धडा होता. विज्ञानाच्या बाईंनी जास्वंदीची कुंडी दोन दिवस नकाशांच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली, मग एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून ती दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळच्या तासाला ते पान आधी पाण्यात उकळलं. स्टोव्ह बंद करून, त्याच गरम पाण्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी केली आणि पान तिच्यात सोडलं. हिरवा रंग हळूहळू स्पिरिटमध्ये उतरला, पान पांढरट आणि कुरकुरीत झालं. कोमट पाण्यात बुडवून बाईंनी ते मऊ केलं आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. पान निळं-काळं पडलं. पट्टीखालची जागा तेवढी पिवळसर राहिली. प्रकाशाशिवाय स्टार्च तयार होत नाही, असा निष्कर्ष लिहून आम्ही वह्या मिटल्या.

बाई मात्र थांबल्या नाहीत. “कुंडी खोलीत ठेवायच्या आधी या पानात सगळीकडे स्टार्च होता. अंधारात तो गेला कुठे?”

मागच्या बाकावरून “उडाला, बाई!” असं उत्तर आलं. बाई म्हणाल्या, “झाडाने खाल्ला.” झाडं आपल्यासाठी अन्न तयार करतात, असं पहिलीपासून ऐकत आलेल्या आम्हाला हे जरा खटकलंच. मग त्यांनी सांगितलं, कणगीतलं जोंधळं म्हणजे स्टार्च, डब्यातलं पीठ म्हणजे साखर आणि तव्यावरची भाकरी म्हणजे एटीपी, पेशीला लगेच वापरता येईल अशी ऊर्जा देणारा रेणू. पेशीला काम करायला भाकरीच लागते, पण भाकऱ्या थापून कणगीत भरता येत नाहीत. लागेल तशी ताजीच करावी लागते. पुढे कॉलेजात कळलं की हे अगदी नेमकं होतं. माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि मोडतो. एका वेळी अंगात असतो तो फार थोडा. १९२९ साली हा रेणू जर्मनीत लोमान यांना सापडला आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये फिस्के आणि भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही. सुब्बारावांचं नाव आपल्या शाळांच्या भिंतींवर का दिसत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याच तासाला उरलेल्या हिरव्या स्पिरिटचं काय झालं, तेही सांगते, कारण ते पुस्तकात नव्हतं. बाईंनी खिडकीची झडप जेमतेम बोटभर उघडी ठेवली आणि आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेत ती नळी धरली. समोरून हिरवी दिसणारी नळी बाजूने पाहिली तर लालबुंद! हरितद्रव्य ऊन पकडतं. पानात असताना ती ऊर्जा शेजारच्या रेणूकडे, तिथून पुढच्याकडे अशी सरकत जाऊन पाण्याचा रेणू फोडण्याच्या कामी येते. आपण घेतो तो ऑक्सिजन त्या पाण्यातला. स्पिरिटमध्ये ही साखळीच तुटलेली असते. पकडलेली ऊर्जा द्यायला कोणी नाही, म्हणून काही उष्णतेत जाते आणि काही लाल उजेड होऊन बाहेर पडते.

पुढचा भाग आम्ही शाळेत असताना पाठ्यपुस्तकात नव्हता. पाणी फुटल्यावर हायड्रोजनचे धनभारित कण हरितलवकातल्या (पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणातल्या) पडद्याच्या एका बाजूला साठत जातात आणि परत येताना एका प्रथिनातून येतात. ते प्रथिन अक्षरशः गरगर फिरतं आणि फिरताना एटीपी घडवतं. कल्पना पीटर मिचेल यांची, १९६१ सालची. सुरुवातीला अनेकांनी ती उडवून लावली, १९७८ साली नोबेल मिळालं. पेशीत साखर जाळणाऱ्या तंतुकणिकेतही (मायटोकाँड्रियातही) याच घडणीचं चक्र फिरतं. कमावणं आणि खर्च करणं, दोन्हीला यंत्र एकच! एका ग्लुकोजमागे एटीपीचे ३८ रेणू असं आम्ही घोकलं होतं, हल्ली ३० ते ३२ धरतात, कारण पडद्यातून थोडी गळती होते आणि मालाच्या ने-आणीतही खर्च होतो. आमच्या वेळचे मार्क परत घेऊ नयेत, ही विनंती.

आता ऊस. आपली शाळाच उसाच्या फडात, त्यामुळे ऊन आणि साखर यांचं नातं आम्हाला शिकवायला नको होतं. पण ऊस इतकं का पिकतो, हे १९६६ साली हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला उलगडलं, तेही एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, याचं मला व्यवसायबंधू म्हणून कौतुक आहे. गहू-भाताच्या पानात कार्बन डायऑक्साइड धरणारं विकर (एन्झाइम) कडक उन्हात चुकून ऑक्सिजनही धरतं आणि कमाई वाया जाते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्या पानात तो वायू आधी चार कार्बनच्या आम्लात बांधला जातो आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन दाटीने सोडला जातो. थोडा एटीपी जास्त लागतो, पण आपल्याकडच्या उन्हात तो पुरेपूर वसूल होतो.

कारखान्यात मला रोज भेटतो तो मात्र बाईंचा प्रश्न. कोयता लागला म्हणून ऊस मरत नाही. कांड्यातल्या पेशी जिवंत असतात, श्वसन चालू असतं, फक्त वरून पानाची कमाई बंद झालेली असते. मग साठवलेल्या साखरेवर हात पडतो. विकरं साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात, काही साखर पेशीच जाळतात, कापलेल्या टोकातून शिरलेले जिवाणू आपला वाटा घेतात. गाडी दोन-तीन दिवस रांगेत राहिली की ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, कधी कधी उलट वाढलेला दिसतो, आणि शेतकरी म्हणतो, “मॅडम, माझा ऊस तर गोड झालाय.” पाणी आटलेलं असतं, एवढंच. पोलरीमीटर, म्हणजे रसातून जाताना प्रकाशाचं प्रतल किती वळतं ते मोजणारं यंत्र, इतक्या सहज फसत नाही. साखर प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटलेली साखर डावीकडे. पोल, म्हणजे या यंत्रावरचा साखरेचा आकडा, घसरलेला दिसला की समजायचं, उसाने खाल्ला. उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, कमी आला की दोष नेहमी मिलवर जातो. निम्म्या वेळा तो तोड आणि गव्हाण (कारखान्यात ऊस गाळपाला टाकायची जागा) यांच्यामधल्या वेळेचा असतो.

जिवंत पान हा खर्च किती जपून करतं, तेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी २०१३ साली एका लहानशा रोपावर दाखवलं की पान रात्रीचा स्टार्च असा वाटून खातं, की पहाट होता होता साठा जवळपास संपतो. अंधार लवकर केला तर तेवढ्याच साठ्याला उरलेल्या तासांनी भागून वेग कमी करतं. हा भागाकार आमच्या वर्गात सगळ्यांना येत नव्हता.

शाळेला या वर्षी मी एक हातात धरायचा ब्रिक्समीटर देते आहे. मुलांनी उसाच्या बुडख्याच्या आणि शेंड्याच्या कांड्याचा रस वेगवेगळा तपासावा. शेंड्याकडचं कांडं वाढत असतं, म्हणून तिथला आकडा कमी येईल. ऊस पक्व होईल तसा फरक कमी होत जाईल. प्रत्येक वाचनानंतर काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची आणि शून्य पाण्यावर लावून घ्यायचं. रस काचेवर वाळला की पुढचे सगळे आकडे चुकतात.