बारीक पोरगं, रग्बी आणि आमची तालीम

माझा भाचा १४ वर्षांचा, वजन चाळीसच्या आसपास, अंगानं काटकुळा, आणि डोक्यात काय तर रग्बी. घरात सगळ्यांचं एकच, अगोदर जरा अंग धरू दे मग खेळ म्हणावं. शेजारचे काका तर थेट त्यालाच, "काय करूलास बे, हातपाय मोडून घेशील." मला हे अजिबात पटत नाही. अंग धरेपर्यंत थांबला तर शिकायचं वय निघून जाणार, आणि बारक्यांना रग्बीत जागाच नाही हे मुळात खोटं आहे. साऊथ आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे बघा, पाच फूट सात-साडेसात इंच असेल, २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलला इंग्लंडविरुद्ध शेवटचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवणं) त्यानंच मारला. त्याच टीमचा स्क्रम-हाफ, म्हणजे झुंबडीतनं बॉल काढून देणारा, फाफ डी क्लर्क, तोही तेवढाच. वेल्सचा शेन विल्यम्स तर २००८ ला जगातला बेस्ट प्लेयर ठरला, उंची पाच फूट सात.

भीती असते ती टॅकलची, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पकडून खाली पाडायची. आता टॅकल म्हणजे काय हे बेळगावकडच्या माणसाला समजावायला लागू नये, येळ्ळूरच्या मैदानात कुस्त्या बघत आपण मोठे झालो. पट काढताना पैलवान काय करतो, कंबरेत नाही तर गुडघ्यात वाकतो, पाठ सरळ, नजर वर, खांदा मांडीला लावतो आणि दोन्ही हातानं पाय कवळून घट्ट ओढतो. रग्बीतला लो टॅकल बराचसा हाच, फक्त खांदा लागल्यावर पाय थांबवायचे नाहीत, बारीक बारीक पावलं टाकत पुढं रेटत राहायचं. मांडीला मिठी बसली की ऐंशी किलोचा गडीसुद्धा खाली येतो, कारण पायच नाहीत तर पळणार कशावर. इथं बारक्याचा फायदाच, त्याला वाकायला कमी लागतं. खांद्याच्या वर टॅकल केला तर पेनल्टी, म्हणजे नियमसुद्धा खालून जाणाऱ्याच्याच बाजूचा.

पण भाच्याला तालमीत पाठवतो तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. डोकं नेहमी समोरच्याच्या बाजूला किंवा मागं ठेवायचं, तो पळत येत असतो, डोकं त्याच्या पुढ्यात गेलं की गुडघा थेट कपाळावर. दुसरं, उचलून आपटायचं नाही. कुस्तीत टाळ्या पडतात, रग्बीत पाय वर आणि डोकं खाली करून कुणाला पाडलं की कार्ड मिळतं, आणि मिळायलाच पाहिजे, मान जाते माणसाची. तिसरं सगळ्यात अवघड, गडी खाली पडला की सोडायचा. पैलवानाचा हात सुटत नाही ना पटकन! सोडून लगेच उभं राहायचं आणि पायावर उभं राहूनच बॉलवर वाकायचं, पडलेल्यानं बॉल धरून ठेवला तर पेनल्टी आपल्याला. हे काम बुटक्या, चपळ पोरांचं.

मानेचा व्यायाम रोज. कपाळावर तळहात लावून डोक्यानं हाताला रेटायचं पण डोकं हलू द्यायचं नाही, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. बाकी जोर-बैठका, दोरी, आणि रविवारी राजहंसगडाची चढण. वजन उचललं की उंची खुंटते म्हणतात ते काही खरं नाही, शिकवणारा जाणता असला आणि वजन हलकं असलं तर या वयातही चालतं. पावडरचे डबे मात्र नकोत. अंडी, शेंगा, उसळ-भाकरी, दूध, बुधवार-रविवारी मासे-मटण, आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून नऊ तास झोप, एवढं मनापासून केलं तरी पोरगं भरतं.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही फक्त पासिंग करतो. बॉल मागंच द्यायचा असतो, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच जायला पाहिजे, उजवखोऱ्या पोरांचा डावीकडं बरा जातो आणि उजवीकडं लोंबतो, म्हणून तोच जास्त. पावसाळ्यात तर मुद्दाम ओला बॉल घेतो, बोटं पसरून धरल्याशिवाय हातात राहतच नाही.

माऊथगार्ड (दातांवरचं कव्हर) नसला तर कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस, म्हणजे धरपकडीचा सराव, नाही. आणि डोक्याला मार बसला, चक्कर आली, मळमळलं, तर त्या दिवशी खेळ तिथंच बंद, मॅच कितीही रंगात असू दे, डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत मैदानात नाही. यावर भाचा चिडतो, चिडू दे.

आता अडचण एकच, त्याच्या वयाची पोरं कमी पडतात. खानापूर, निपाणी, चंदगडकडं कुणाची पोरं खेळत असतील तर कळवा, सुरुवातीला टॅकल नको, नुसतं टच रग्बी, म्हणजे पाडायच्या ऐवजी हात लावायचा, तसं खेळू, सात-सात जण जमले तरी बास.