बोंग साव आणि दुखरा खांदा

हाँगकाँगच्या कौलून भागात मी विंग चुन ही चिनी युद्धकला शिकवतो. मे महिन्यात आमच्या वर्गातले एक गृहस्थ उजवा खांदा चोळतच आत आले. वय पन्नाशीच्या पुढे, उंची जेमतेम सव्वापाच फूट, दिवसभर हॉटेलच्या भटारखान्यात उभ्याने काम. "सिफू, लाकडी पुतळ्यावर बोंग साव केला की कळ येते, बाकी कशाने नाही." बोंग साव म्हणजे कोपर उचलून हाताने फटका अडवणं, आणि पुतळा म्हणजे सरावासाठी लाकडी हात-पाय बसवलेलं धड. जुन्या विद्यार्थ्यांनी जोर कमी करायचा सल्ला देऊन झाला होता. पण हा माणूस मुळात हळूच मारतो.

हात बाजूने वर उचलायला लावला. ६० अंशांपर्यंत ठीक, तिथून १२० पर्यंत कळ, त्यापुढे पुन्हा मोकळा. खांद्याच्या हाडाखाली स्नायूची कंडरा चिमटली जात असली की बहुधा असंच दिसतं. बोंग सावमध्ये कोपर वर, मनगट खाली आणि दंड आत वळलेला असतो. कंडरा चिमटतेय का हे पाहायला फिजिओथेरपिस्ट हात मुद्दाम जवळपास याच स्थितीत नेतात! कोपर खांद्याच्या रेषेत किंवा बोटभर खाली राहिलं आणि कंबर सोबत वळली, तर निभतं. कोपर त्याहून वर गेलं की खांदा कानाकडे चढतो आणि दर आवृत्तीला तीच जागा घासली जाते.

त्यांना हवेत बोंग साव करायला सांगितला, कोपर अगदी जागेवर. पुतळ्यासमोर केला, तर खांद्याच्या तीन बोटं वर.

टेप लावली. पुतळ्याचे वरचे दोन हात साधारण आपल्या खांद्याच्या उंचीला हवेत, ते यांच्या खांद्यापेक्षा ९ सेंमी वर होते. रंगकामाच्या वेळी एसीची नळी चुकवायला कारागिराने पुतळा टांगायची चौकटच वर ठोकली होती. उंच पोरांना पत्ताच नाही. पूर्वी पुतळा जमिनीत पुरत. विंग चुनचे गुरू इप मान १९४९ मध्ये चीनमधल्या फोशानहून इथे आले, त्यानंतर फ्लॅटमध्ये तो दोन आडव्या पट्ट्यांवर टांगायची रीत रुळली. पट्ट्या लवचीक असल्याने फटका थोडा जिरतो, मात्र उंचीचं गणित चौकट बसवणाऱ्याच्या हाती जातं.

आणखी एक गोष्ट सापडली. पुतळ्याचे हात खोबणीत सैल हवेत, मारल्यावर खटखट वाजले पाहिजेत. दमट हवेत सागवान फुगून डावा हात घट्ट बसला होता, आवाज ठस्स. असा हात हलत नाही, सगळा धक्का मनगटावर परततो. तो काढून चौकोनी बुंधा काचकागदाने घासला, मेणबत्ती फिरवली. तेल लावू नये, ते लाकडात मुरतं आणि धूळ धरतं.

पायाखाली फळी टाकावी असं कुणीतरी सुचवलं. पण पुतळ्यासमोर पाय सतत बाजूला सरकतात, फळीच्या कडेवर घोटा मुरगळेल. त्यापेक्षा पुतळ्याचे हात-पाय काढून, दोघांनी धड उतरवून ब्रॅकेट खाली घेतले.

गृहस्थांना डॉक्टरकडे पाठवलं. त्यांचा निर्वाळा येईपर्यंत पुतळा बंद, फक्त सिऊ निम ताऊ, म्हणजे विंग चुनमधली एकट्याने करायची सुरुवातीची मालिका. त्यातही पहिला भाग संथ, कोपर छातीसमोर, आणि तिसऱ्या भागातला बोंग साव गाळून. दुखणं उतरल्यावर तो आधी हवेत, मग जोडीदाराच्या हातावर, शेवटी पुतळ्यावर. आता उंच पोरांना गुडघे जास्त वाकवावे लागतात, त्यांची कुरकुर चालू आहे.