जे दवाखान्यात आलेच नाहीत

मी क्लिनिकल डायरेक्टर झालो हे आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे ससूनच्या डीनसारखं का रे?" नाही हो काकू. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखं म्हणा. जबाबदारी सगळी, अधिकार जेमतेम, आणि पार्किंगवरून बोलणी खायची ती वेगळीच.

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात. बहुतेक प्रॅक्टिस, म्हणजे त्यांचे दवाखाने, डॉक्टरांच्या भागीदारीत चालतात आणि सरकारशी त्यांचा करार असतो. 2019 पासून शेजारशेजारच्या प्रॅक्टिसना एकत्र बांधून साधारण तीस ते पन्नास हजार वस्तीचं एकेक 'प्रायमरी केअर नेटवर्क' केलंय. त्याचा प्रमुख म्हणजे क्लिनिकल डायरेक्टर. बहुतेक ठिकाणी तो तिथलाच एखादा जीपी असतो. मी कुणाला हुकूम सोडू शकत नाही. प्रत्येक प्रॅक्टिसचा मालक वेगळा. मग चहा पाजायचा, आकडे दाखवायचे, पुन्हा चहा पाजायचा.

तरी ह्या कामाने माझी डॉक्टरकी बदलली, आणि त्याचं कारण आहे लिस्ट.

सदाशिव पेठेतले आमचे डॉक्टरकाका आठवा. जिन्याखाली कंपाउंडर, लाल मिक्श्चरच्या बाटलीवर डोसच्या खुणांची चिकटवलेली कागदाची पट्टी. घरात तीन पिढ्यांना काय झालं होतं ते त्यांना तोंडपाठ. पण जो पायरी चढून आला, तोच त्यांचा पेशंट. ज्याची शुगर वर्षभर वाढत होती आणि जो आलाच नाही, तो त्यांना दिसणार कसा? इथे माणूस प्रॅक्टिसमध्ये नाव नोंदवतो आणि प्रॅक्टिसला मुख्य पैसा मिळतो तो त्या नोंदलेल्या डोक्यांवर, म्हणजे वय, आजारपण वगैरे धरून. किती वेळा तपासलं त्यावर नाही. त्यामुळे न आलेला माणूसही माझ्याच खात्यावर असतो. डॉक्टरकाकांना अशी यादी कुणी दिली असती तर त्यांनी आमच्यापेक्षा बरं काम केलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एका दुपारच्या मीटिंगला आमच्या फार्मासिस्टने स्क्रीनवर नावं लावली. बीपीच्या गोळ्या चालू, पण वर्षभरात बीपी मोजलेलंच नाही, अशी माणसं. स्क्रोल करता करता लक्षात आलं, चाळिशी-पन्नाशीचे टॅक्सीवाले बरेच. आम्ही डॉक्टर मंडळी लगेच सुरू: जागृती नाही, एसएमएस पाठवा, उर्दूत पत्रक छापा. कोपऱ्यात मिनिट्स लिहीत बसलेली रिसेप्शनिस्ट म्हणाली, "ते पहाटे सहाला घरी येऊन झोपतात. तुम्ही म्हणता, आठच्या ठोक्याला फोन करा. कसे करणार?" खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. सकाळी आठला फोन उघडायचे आणि थोड्याच वेळात त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपायच्या, हा इथला नेहमीचा प्रकार. मग टॅक्सी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवजा कॅफेत शनिवारी संध्याकाळी बीपीचं मशीन घेऊन नर्स बसायला लागली. तिथे कधी नव्हे ती माणसं बाह्या वर करून रांगेत. मशीनचा आकडा बघून एकाने सिगारेट विझवली, दुसऱ्याने पेटवली.

ही कल्पना काही माझी नव्हे, आणि नवीही नव्हे. वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाचं एकेकाळचं खाणकामगारांचं गाव आहे. तिथल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्या जीपीने गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजून काढलं होतं. चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त तिथेच ते कमी मिळतात, हे त्याने 1971 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. इथले जीपी ते आजही घोकतात. मात्र इथल्या लीडरशिपच्या कोर्सेसमध्ये स्लाइड्सच फार. सरकारं दर काही वर्षांनी खुर्च्यांची नावं बदलतात: 2013 साली जीपींच्या हाती आरोग्यसेवा खरेदीचे अधिकार देणारे ग्रुप काढले, 2022 साली बरखास्त केले, त्यांच्या जागी बोर्डं आणली. प्रत्येक वेळी नव्या पाट्या आणि नवे ईमेल. टॅक्सीवाल्याचं बीपी तेवढंच.

आईचा मुख्य प्रश्न वेगळाच: "मग आता पेशंट तपासत नाहीस का?" तपासतो गं. आठवड्याचे काही सेशन नेटवर्कचे, बाकीचे क्लिनिकचे. सेशन म्हणजे साधारण अर्धा दिवस. दहा-दहा मिनिटांचे पेशंट, त्यात "जाता जाता एक विचारू का डॉक्टर" हे आलंच, आणि खरा आजार बहुधा तिथेच निघतो. क्लिनिक सोडलं तर मीटिंगमध्ये माझं कोण ऐकेल?

पुण्याच्या बी. जे. मेडिकलची एक ज्युनिअर परवा विचारत होती, लीडर व्हायचं तर आधी एमबीए करू का? मी तिला म्हटलं, आधी प्लॅबचं बघ, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना इथे काम करायला द्यावी लागणारी परीक्षा; तिचा दुसरा भाग मँचेस्टरला येऊन द्यावा लागतो. मग तीन वर्षांचं जीपी ट्रेनिंग. जागांसाठी चुरस आता फार वाढली आहे, तेव्हा पुण्यातल्या पर्यायांवर फुली मारून येऊ नकोस. आणि इथे रुजू झालीस की कुणालाच नको असलेलं एक काम मागून घे, उदाहरणार्थ रिपीट प्रिस्क्रिप्शनचं, म्हणजे दरवेळी डॉक्टरला न भेटता पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या गोळ्यांचं, ऑडिट. कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या गावात कोण काय गिळतंय आणि कोणी गोळ्या न्यायचंच सोडलंय, ते त्यातून कळतं. तिने "ओके सर" एवढंच पाठवलं. बहुतेक एमबीएच करणार.