दुःखात दुःखाचंच गाणं का?

'बाई, मन खट्टू झालं की माणूस नेमकी रडकी गाणीच का लावतो? त्यानं आणखी खचायला होत नाही का?' गोव्यात फोंड्याला माझ्या गायनाच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दुःख कशाचं आहे ते आधी बघा. मार्क कमी पडले, कंत्राट हातचं गेलं, तर एखादं ठेक्याचं गाणं चालून जातं. पण घरचं माणूस गेलं किंवा दुरावलं की तेच गाणं कानाला बोचतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही हेच दिसलं: स्पर्धेत हरलेल्यांपेक्षा नातं तुटलेल्यांचा ओढा उदास संगीताकडे जास्त होता. अशा वेळी हळवं गाणं समजून घेणाऱ्या मैत्रिणीसारखं शेजारी येऊन बसतं, असं मला वाटतं.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई गेली. सुतक संपल्यावर ती संध्याकाळी क्लासला आली. मी पेटीवर भूप राग धरला, तर कोकणीत म्हणाली, 'बाई, आज हें नाका', म्हणजे हे नको. मग मारवा राग घेतला. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, आणि षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', लांबणीवर टाकलेला. कान सारखा त्या षड्जाची वाट बघत राहतो. शेवटी तो लागला तेव्हा तिचे ताठलेले खांदे खाली आले आणि ती भडभडून रडली. मग आपणहून आईबद्दल बोलू लागली. 2014 च्या एका पाहणीत 772 जणांना विचारलं होतं. उदास संगीत ऐकताना सगळ्यात जास्त वेळा काय जाणवतं, तर जुन्या आठवणींची ओढ. तिच्याकडे बघताना मला ते पटलं.

आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. 'जात कहाँ हो', कुठे निघालीस, असं ती विचारते. गेलेल्या माणसाला आपण तरी दुसरं काय विचारतो?

मात्र तिथेच अडकून राहू नये, याची सोय आपल्याकडच्या गाण्यात आहे. मांडो हा गोव्याचा कोकणी गीतप्रकार संथ, विरहानं भरलेला. त्याच्यामागून दुलपद हे चपळ गाणं येतं. भजनातही अभंग ठाय, म्हणजे संथ लयीत सुरू होतो, मग टाळ-पखवाज लय चढवत नेतात. संगीतोपचारातही हीच रीत आहे: आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत, मग हळूहळू बदल. थेट दुलपदावर उडी मारली तर दुःखी माणूस मागेच राहतो.

तेव्हा घरात कोणी तेच ते उदास गाणं ऐकत असेल तर 'बंद कर ते' म्हणू नका. शेजारी बसून ऐका, बोलू द्या. मात्र दोन आठवडे उलटूनही जेवण-झोप ताळ्यावर येत नसेल, माणसं नकोशी झाली असतील, तर गाण्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.