काळ्या मशीनवरचा टी-शर्ट

ब्लाउजचं माप देऊन झालं की बाई पर्स उचलता उचलता खुंटीवरच्या टी-शर्टकडे बघते आणि विचारते, "हे पण याच मशीनवर शिवलं का?" याच म्हणजे माझ्या काळ्या, पायाच्या मशीनवर. त्या मशीनला सरळ टीप सोडून दुसरं काही येत नाही. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कडा बांधणारं ओव्हरलॉकचं मशीन नाही, काही नाही, मग ते ताणणारं कापड ऐकतं कसं? दारात उभ्या उभ्या याचं उत्तर होत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बसून सांगते.

आधी कबुली. अख्खा टी-शर्ट या मशीनवर होत नाही. गळा मागच्या गल्लीत जाऊन येतो. ते पुढे येईलच.

या नादाला मी लागले ती उंचीमुळे. चार फूट दहा इंच, आणि देवानं उंचीत वाचवलेलं कापड रुंदीत घातलेलं. विकतची लेगिंग माझ्या घोट्यावर चुडीदारासारख्या चुण्या टाकून बसते. टी-शर्टचा खांदा दंडावर उतरतो आणि तोच टी-शर्ट पोटावर मात्र तंग. वीस वर्षं दुसऱ्यांचे ब्लाउज बोटभरही इकडेतिकडे होऊ न देता बेतते, आणि स्वतः कुणा भलतीच्या मापाचे कपडे घालून फिरते, हे एके दिवशी मनाला लागलं.

सोलापुरात कापडाला तोटा नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. ती बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी रिक्षावाल्याला 'जुनी मिल' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. चादरी आहेत, टॉवेल आहेत, कापडबाजाराची चाटी गल्ली आहे. पण हे सगळं मागावरचं कापड. टी-शर्टचं कापड मागावर होत नाही, ते सुयांवर होतं, आणि त्याचं गाव तिकडे तमिळनाडूत, तिरुपूर. आपल्याकडे शाळांच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे, त्यात खेळाच्या तासाचे टी-शर्टही असतात. तसल्याच एका कारखान्यातून मला ताग्यांचे उरलेले तुकडे मिळाले. मी मीटरचा भाव विचारला तर तिथला पोरगा हसला. हे कापड किलोवर विकतात. भाजीसारखं.

किलोत किती बसतं हे मला तिथेच हिशेब करून बघावं लागलं. टी-शर्टचं कापड साधारण १८० जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम. पन्हा उघडून सहा फुटांचा. म्हणजे किलोला जेमतेम तीन मीटर. त्यात माझे तीन टी-शर्ट निघतात, उंचीचा एवढा तरी फायदा.

नावंही तिथेच कळली. पातळ, एका बाजूनं गुळगुळीत ते सिंकर. दोन्ही बाजूंनी सारखं आणि जरा जाड ते इंटरलॉक. आतून टॉवेलसारखी वेटोळी असलेलं लूपनिट. गळ्या-मनगटाला लावायची ती रिब. यात एक घोळ आहे, तो सांगून ठेवते. आपल्याकडे फॉल-पिकोच्या पाटीवर 'इंटरलॉक करून मिळेल' असं लिहिलेलं असतं, तो काठ बांधायचा प्रकार. इंटरलॉक कापड वेगळं. मी एकदा दुकानात 'इंटरलॉक आहे का' म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्या हातातली साडीच मागून घेतली.

आता माझा पहिला टी-शर्ट. भाच्यासाठी, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सिंकर घेतलं, ब्लाउजपीस बेतते तसं बेतलं. कापलेल्या कडा लगेच गुंडाळायला लागल्या, बाजूच्या कडा उलट्या अंगाला आणि खालची-वरची सुलट्या अंगाला, जणू कापड मला पाठ दाखवतंय. तरी रेटून नेलं. मशीनला होती तीच १६ नंबरची सुई, रिळावर होता तोच सुती दोरा. दिसायला झक्क झाला. भाच्याच्या डोक्याचा घेर ५१ सेंटिमीटर, गळा मी ठेवलेला ४४. तो घालायला गेला, डोकं अर्ध्यात आलं आणि कट्‌ कट्‌ कट्‌ असा आवाज. कापड ताणलं, टीप ताणली नाही, दोरा जागोजाग तुटला. आतून पोरगं ओरडतंय, "मामी, अंधार झाला!" उसवून, गळा मोठा करून पुन्हा शिवला. एका धुण्यात बगलेखालच्या शिवणीला लागून बारीक बारीक भोकं पडली, नि एका भोकातून खाली शिडीसारखी रेघ सुटली.

इथे मामंजी आले. माझे सासरे, पस्तीस वर्षं चादरीच्या, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर काढलेले. त्यांच्या लेखी होजिअरी, म्हणजे हे टी-शर्टचं कापड, कापडच नव्हे. "जाळं आहे ते," म्हणायचे. "ताणा नाही, बाणा नाही, कसलं कापड?" मी एकदा म्हटलं, "मामंजी, तुमचा बनियन कशाचा आहे मग?" त्यांनी सदऱ्याच्या गळ्यातून खाली एकवार बघितलं आणि म्हणाले, "तो कपड्यात धरायचा नसतो."

तर त्यांनी पेटीतली घडीची काच काढली. एका इंचात किती बाणे, म्हणजे आडवे धागे, पडलेत ते मोजायची ती छोटी पितळी काच, चार पायांवर कापडावर उभी राहणारी. ती भोकावर ठेवली, उंबऱ्यात उजेडाला बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला बघायला लावलं. काचेखाली ओळीनं फासे दिसत होते, एकात एक अडकवलेले, स्वेटरसारखेच पण मुंगीएवढे. भोकाच्या जागी एका फाशाचा धागा मधोमध तुटलेला होता. "झिजून तुटला असता तर टोक पिंजारलं असतं," ते म्हणाले. "हे साफ आहे. तुझी सुई कापतीय."

मराठीत आपण दोन्हीला विणणंच म्हणतो. चादरही विणलेली, स्वेटरही विणलेला. माझा पहिला टी-शर्ट या एका क्रियापदात बुडाला. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. सुई एखाद्यातून आरपार गेली तरी शेजारचे त्याला हलू देत नाहीत. फाशांच्या कापडात प्रत्येक फासा खालच्याच्या जिवावर उभा. एक तुटला की त्याच्या रांगेतले सुटत जातात. मामंजींनी जुन्या बनियनच्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढून दाखवला. सरळ आलाच नाही, भिजवलेल्या शेवईसारखा वळणं घेत आला. ताणतं ते हे. धाग्यात रबर नसलं तरी वळणं सरळ होतात, नि सोडलं की पुन्हा वळतात.

त्या दिवसापासून त्यांना त्यात रस आला, पण कबूल करायचे नाहीत. "नवीन खूळ," म्हणाले. मी वाचलेलं होतं, सांगितलं: विल्यम ली नावाच्या इंग्रजानं फाशांचं विणकाम करणारं यंत्र १५८९ साली केलं. जॅकार्डचा माग १८०४ च्या सुमाराचा. म्हणजे तुमच्या मागाहून हे खूळ दोनशे वर्षांनी थोरलं. मामंजींनी विचारलं, "काय विणायचा तो?" मोजे, म्हटलं. "मग," म्हणाले, आणि विषय संपला.

तर सुई. टोक बोथट गोल असलेली सुई मिळते, ती धागा कापत नाही, बाजूला सारून वाट काढते. दुकानात बॉलपॉइंट म्हणा किंवा होजिअरीची सुई म्हणा. सिंकरला ११ नंबर पुरते. आपली जुनी सुई सोबत न्या. माझ्या मशीनला एका बाजूनं चपट्या दांड्याची लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची असते, ती बसत नाही. मी पहिल्यांदा तीच आणली होती, पाकिटावर फक्त टोकाचं बघून.

सुई बदलली की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं हातांचं, आणि ते मला जड गेलं. ब्लाउजला मी कापड मागून ओढून धरते, सवयच ती. इथे मागून ओढलं की शिवण लाटांसारखी होते. अजिबात न ओढता शिवलं तर अंगात घालताना टीप तुटते. मशीनचा जो पाय कापड दाबून धरतो त्याच्या पुढं आणि मागं दोन्हीकडे हात ठेवून, कापड किंचित ताठ होईल एवढंच धरायचं, म्हणजे टिपेत दोरा थोडा जास्त बसतो. दोरा पॉलिएस्टरचा. त्या पायाचा दाब वरच्या स्क्रूनं कमी केलेला. तरीही सिंकर खालच्या, कापड सरकवणाऱ्या दातांत गेलंच तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घालते नि शिवून झाल्यावर फाडून काढते. बगल, बाही, मुंढा एवढं या सरळ टिपेवर नीट टिकतं. माझा निळा टी-शर्ट चौथा उन्हाळा बघतोय.

गळा टिकत नाही. गळ्यातून डोकं जायचं म्हणजे ताण मोठा, तिथे टीपच ताणणारी हवी. सरळ टीप म्हणजे आधीच तंग बांधलेली दोरी. झिगझॅग टीप नागमोडी असते, तिच्यात दोरा शिलकीत असतो. तेवढ्यासाठी मशीन बदलायचं म्हणजे... तर नाही बदललं. आमच्या मागच्या गल्लीत पिकोवाल्या अक्का आहेत, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. पिकोचं मशीन म्हणजे झिगझॅगच की! त्यांना पहिल्यांदा रिबची पट्टी दाखवली तेव्हा म्हणाल्या, "वैनी, एवढीशी पट्टी एवढ्या मोठ्या गळ्याला? कमी पडली तुम्हाला."

कमी पडलेली नसते, कमीच कापायची असते. माझा गळा ६० सेंटिमीटरचा. पट्टी मी ५१ ची घेते, गळ्याच्या साधारण ८५ टक्के. आधी पट्टीची दोन टोकं जोडून कडं करायचं, उभी दुमडायची. मग पट्टीचे चार सारखे भाग करून टाचण्या लावायच्या, गळ्याचेही चार भाग करून लावायच्या, नि टाचणीला टाचणी मिळवायची. गळ्याचे चार भाग खांद्यापासून खांद्यापर्यंत धरून करू नका, पुढचा गळा खोल असतो, मापानंच करा. मशीनखाली पट्टी वर आणि गळा खाली. ताणायची फक्त पट्टी, ती टाचणी ते टाचणी गळ्याएवढी होईपर्यंत. गळा ताणला की संपलं, तो कमळासारखा उमलून बसतो आणि मिटत नाही. शिवून झाल्यावर पट्टी जराशी सुरकुतलेली दिसते, घाबरू नका. ओला फडका ठेवून इस्त्री वरून नुसती टेकवायची, फिरवायची नाही. वाफेनं पट्टी आकसून गळ्याला बिलगते. हे बिलगणं बघायला मला अजून मजा येते.

कापड घेतानाचं एक. ताणणं आणि परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताण फाशांचा असतो, पूर्ण परत यायला बहुतेक वेळा लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, लागतो. तो अलीकडचा, १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स यांनी काढलेला. दुकानात दहा सेंटिमीटरवर दोन बोटं ठेवून ओढा, सोडा, परत मोजा. साडेदहा भरलं तर त्या कापडाची लेगिंग गुडघ्यावर फुग्यासारखी होणार. फोर-वे लायक्रा, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं, म्हणून जे चकचकीत पॉलिएस्टरचं मिळतं ते आपल्या मे महिन्यात अंगावर घालायचं धाडस माझ्यात नाही. सुती सिंकर बेस्ट, पण बेतण्याआधी धुऊन वाळवून घ्या, लांबीत आटतंच. लायक्रा असेल तर सावलीत वाळवा आणि ब्लीचपासून लांब ठेवा. आणि पहिलाच कपडा असेल तर सिंकरच्या नादी लागू नका. इंटरलॉक घ्या, कडा गुंडाळत नाहीत, आणि पोरांची झोपायची पँट शिवा. चुकली तरी अंधारातच घालायची आहे.

खांद्याचं राहिलंच. माझ्या तिसऱ्या टी-शर्टचे खांदे महिन्याभरात लोंबले, बाही कोपराशी आली. सगळा भार खांद्यावर आणि शिवण ताणणारी. मी पट्टी, टेप काय काय शोधत होते. मामंजी चहा पीत बघत होते. उठले, माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून जुन्या सुती साडीची किनार काढली आणि पुढ्यात टाकली. "ही घे आत. ही ताणणार नाही." खांद्याएवढी कापून शिवणीत धरली, टीप मारली. आजवर एकही खांदा उतरलेला नाही.

"शेवटी लागलंच की आमचं कापड," मामंजी म्हणाले.

किनार रंगीत असेल तर आधी पाण्यातून काढून घ्या. माझ्या पांढऱ्या टी-शर्टच्या खांद्यावर अजून लाल रेघ आहे.