बॉस्टनमधला आरएमएसवाला

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मी पहिल्यांदा गेले ती कलेच्या ओढीनं वगैरे नाही, थंडीला कंटाळून. ग्रीन लाइनची गाडी जवळच सोडते, लायब्ररीचा पास दाखवला की तिकीट स्वस्त पडतं, आणि आत ऊब असते.

तिथं फिरताफिरता एका चित्रापाशी पाय थांबले. गडद निळा गणवेश, सोनेरी बटणांच्या दोन रांगा, टोपीवर फ्रेंचमध्ये ‘पोस्ट’ असं लिहिलेलं, छातीवर दुभंगलेली दाट दाढी. वेताच्या खुर्चीत गडी असा ताठरलाय, जणू फोटोवाल्यानं ‘हलू नका’ म्हणून दम दिलाय. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘पोस्टमन जोझेफ रूलँ’, १८८८ सालचं.

पण रूलँ घरोघर पत्रं टाकणारा पोस्टमन नव्हताच. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावाच्या स्टेशनवर तो टपालाच्या थैल्यांची चढउतार बघायचा. हे वाचलं आणि मी तिथंच हसले. माझे बाबा मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, टपालाची छाटणी करायला होते. आयुष्यभर लोकांनी त्यांना ‘पोस्टमनकाका’ म्हटलं आणि आयुष्यभर ते ‘पोस्टमन नव्हे हो, सॉर्टर!’ म्हणून सांगत राहिले.

व्हिन्सेंट तेव्हा पस्तिशीचा, रूलँ सत्तेचाळीसचा. मॉडेलला द्यायला पैसे नसायचे, म्हणून मित्रालाच बसवलं. मित्रानं पैसे घ्यायला साफ नकार दिला. मग त्याला खाऊपिऊ घालावं लागलं आणि ते जास्त महागात पडलं, असं व्हिन्सेंटनं चित्रकार मित्राला, एमिल बर्नारला, कळवलंय! पुढं रूलँची बायको ऑगस्तीन, दोन मुलगे, तान्ही मार्सेल, सगळ्यांची चित्रं झाली. महिन्याला १३५ फ्रँकमध्ये हा माणूस तीन पोरं वाढवत होता, हेही व्हिन्सेंटच्या पत्रातच आहे.

मला त्या चित्रात सर्वांत आवडले ते हात. एक टेबलावर, एक खुर्चीच्या हातावर. मोठाले, जरा बेढब, बोटं तर थोडी चुकल्यासारखीच वाटतात. चेहऱ्यावर इतकी मेहनत घेतलीय आणि हातांची घाई का केली, कोण जाणे. पण त्या हातांना काम नसताना काय करावं हे कळत नाही, एवढं मात्र बरोबर उतरलंय.

त्याच वर्षी डिसेंबरात व्हिन्सेंटनं स्वतःचा कान कापून घेतला. तेव्हा इस्पितळात जाऊन त्याची विचारपूस करणारा, त्याच्या भावाला, थिओला, पत्रं लिहून खुशाली कळवणारा हाच. जानेवारीत रूलँची मार्सेय शहरात बदली झाली. बदलीच्या नोकरीत मित्र असेच सुटतात, आमच्या घरानं ते खूप पाहिलंय. रूलँ आपल्याला वडिलांसारखा वाटावा इतका म्हातारा नाही, पण जुन्या शिपायाला पोरसवदा शिपायाबद्दल वाटते तशी मूक माया त्याला आहे, अशा अर्थाचं व्हिन्सेंटनं लिहिलंय.

घरी येऊन बाबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खाली सगळी कथा लिहिली. सकाळी उठून पाहते तो उत्तर आलेलं:

‘टोपी झकास आहे. आम्हाला असली कधी मिळाली नाही. ह्याला नाइट ड्यूटी असायची का, विचारून बघ.’